ग्राउंड काढायचंय? मग आधी ताट बघा!

पहाटे पाचच्या सुमाराला न्हावऱ्यातून शिरूर-चौफुला रस्त्याने गेलात, तर अंधारात पळणारी पोरं-पोरी हमखास दिसतील. कुणाच्या हातात मोबाईलची टॉर्च, कुणाच्या पायात झिजलेले कॅनव्हासचे बूट, कुणी स्टॉपवॉच लावून मागच्यांना ओरडतंय. कुणाला पोलिस व्हायचंय, कुणाला अग्निवीर. घोडगंगा साखर कारखान्याचं हे गाव, जवळ रांजणगावची एमआयडीसी. पण एमआयडीसीतलं कंत्राटी काम आणि अंगावरची वर्दी यातलं काय निवडाल, असं इथल्या कुठल्याही पोराला विचारा. उत्तर ठरलेलं आहे.

मेहनतीत ही पोरं कुठेच कमी नाहीत. प्रश्न वेगळाच आहे. इतकं पळून, इतका घाम गाळून ऐन ग्राउंडच्या दिवशी पाय का धरतात? तिसऱ्या राउंडला दम का तुटतो? वर्षभर दुखणारी नडगी नेमकी भरतीच्या आठवड्यात का सुजते? माझं म्हणणं सरळ आहे. आपण 'अजून किती करू?' हेच विचारत राहतो. 'खातोय काय?' आणि 'करतोय ते नीट करतोय का?' हे दोन प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. ग्राउंड निघणार की जाणार, हे बऱ्याचदा याच दोन प्रश्नांवर ठरतं.

स्पर्धा सेकंदांची आहे

आधी समोर काय आहे ते बघू. २०२४ मध्ये राज्यात पोलिस भरतीच्या सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर जण. शारीरिक चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं तर पैकीच्या पैकी गुण. मुलींसाठी ८०० मीटरला हीच वेळ २ मिनिटं ५० सेकंद. त्यापुढे थोडे थोडे सेकंद वाढले की गुण घसरायला लागतात.

आता हा हिशोब करा. ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ४०० मीटरच्या चार राउंडला प्रत्येकी ७७.५ सेकंद. आपली पोरं काय करतात? पहिला राउंड जोशात ६५-६८ सेकंदांत मारतात, दुसऱ्याला श्वास चढतो, तिसऱ्याला पाय जड होतात आणि चौथा राउंड कसाबसा ओढतात. बाहेर उभे असलेले मित्र 'अजून जोर लाव' म्हणून ओरडतात. जोर उरलेलाच नसतो, लावणार कुठून? अशा पोराला आणखी दोन किलोमीटर पळवून उपयोग नाही. त्याला हातात घड्याळ देऊन एकसारखे ७७-७८ सेकंदांचे राउंड मारायला शिकवलं पाहिजे. त्याच ताकदीत वेळ कमी झालेली दिसेल.

आणि हा फक्त गुणांचा खेळ नाही. २०१४ मध्ये मुंबईच्या पोलिस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले आणि त्यानंतर ते अंतर कमी करावं लागलं. २०२४ च्या भरतीतही धावण्याच्या चाचणीत उमेदवार कोसळून मरण पावल्याच्या बातम्या आपण वाचल्या. प्रत्येकाचं कारण वेगळं असेल. पण आजारपण लपवून, झोप न घेता, प्रवासाने थकलेल्या अंगाने आणि उपाशीपोटी जीव खाऊन पळणं किती महागात पडू शकतं, हे समजायला आणखी किती बातम्या लागणार?

उपाशीपोटी पळापळ

'रिकाम्या पोटी पळलं की स्टॅमिना वाढतो' हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच. रात्री आठला जेवलेला मुलगा पहाटे पाचला जोरात पळतो, घरी येऊन फक्त चहा-बिस्किट खातो आणि मग थेट दुपारी एक वाजता जेवतो. मधल्या वेळात शेतातलं पाणी धरणं, जनावरांचं वैरणपाणी, कॉलेजची एसटी. शरीराने स्नायूंची डागडुजी करायची कशाने? चहाने?

हलकं पळायचं असेल तर एक वेळ चालेल. पण जोरात राउंड मारायचे असतील त्या दिवशी अर्धा-पाऊण तास आधी एखादं केळं नाहीतर गुळाचा खडा आणि चार शेंगदाणे पोटात जाऊ द्या. दौंड तालुक्यातली गुऱ्हाळं काही लांब नाहीत. पळून आल्यावर तास-दीड तासाच्या आत नीट न्याहारी करा. पाणी दिवसभर प्या. ग्राउंडच्या सकाळी एकदम तांब्याभर पाणी ढोसून पळायला उभं राहू नका.

आता प्रोटीनचं बघू. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार साध्या निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. तुम्ही रोज कसून व्यायाम करत असाल तर क्रीडा-आहारतज्ज्ञ साधारण १.२ ते १.६ ग्रॅम सांगतात. ६० किलोच्या मुलासाठी हे होतं ७२ ते ९६ ग्रॅम. ऐकायला खूप वाटतं. पण आपल्याच घरातलं ताट मोजून बघा.

सकाळी दोन उकडलेली अंडी म्हणजे १२ ग्रॅम आणि मूठभर, म्हणजे कोरडी ५० ग्रॅम, मटकी मोड आणून खाल्ली तर ११ ग्रॅम. दुपारी बाजरीच्या दोन भाकरी १६ ग्रॅम आणि वाटीभर पिठलं १०-११ ग्रॅम. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅम. रात्री पुन्हा दोन भाकरी १६ ग्रॅम, घट्ट वरण किंवा उसळ ९ ग्रॅम. झोपताना ग्लासभर म्हशीचं दूध ९ ग्रॅम. बेरीज नव्वदच्या आसपास जाते. अंडी खात नसाल तर २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत तेवढंच प्रोटीन मिळतं. हे आकडे ढोबळ आहेत, भाकरीच्या आकाराप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील. पण मुद्दा कळला ना? शिरूरच्या जिरायती भागात आजी-आजोबांनी जन्मभर जी बाजरी खाल्ली, ती कमी प्रतीची नाही. कमी पडते ती तिच्या सोबतची डाळ, कडधान्य आणि दूध. आपल्या ताटात भाकरी चार आणि कालवणात डाळ शोधावी लागते. घरचं दूध सगळं डेअरीला जातं आणि घरात चहापुरतं उरतं. यातलं अर्धा लिटर दूध जरी पळणाऱ्या पोरासाठी किंवा पोरीसाठी मागे ठेवलं, तरी फरक पडेल.

पावडर, इंजेक्शन आणि शॉर्टकट

आता डब्याकडे येऊ. व्यायामशाळेत नाव घातल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, 'सप्लिमेंट चालू केलं का?' एका स्कूपमध्ये साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं. वर बघितलंत ना, दोन अंडी आणि एक वाटी उसळ खाल्ली की जवळपास तेवढं होतं. डब्याला दोन-तीन हजार मोजायचे आणि घरून आणलेला भाकरीचा डबा लाजून तसाच परत न्यायचा, याला काय म्हणावं?

प्रोटीन पावडर म्हणजे विष, असं मी म्हणत नाही. चांगल्या प्रतीची पावडर शेवटी दुधापासूनच बनते. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची जी १७ मार्गदर्शक सूत्रं जाहीर केली, त्यात स्नायू कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा आणि वेगवेगळे अन्नपदार्थ एकत्र करून प्रोटीन मिळवा, असं स्पष्ट म्हटलंय. रोजचं ताट धड नसताना पावडर घेणं म्हणजे भिंत नसलेल्या घराला रंग काढणं. तरीही घ्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे का, सील फुटलेलं नाही ना, एवढं तरी बघा. सुट्या पिशवीतून मिळणाऱ्या 'इम्पोर्टेड माला'पासून चार हात लांब राहा.

इंजेक्शनचा विषय मात्र पूर्ण वेगळा आहे, तिथे मधला मार्ग नाही. मेफेंटरमाइन नावाचं औषध तुम्ही ऐकलं असेल. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायला डॉक्टर ते वापरतात. हेच औषध 'दम वाढतो' म्हणून व्यायाम करणाऱ्या पोरांना चोरून विकल्याबद्दल पुणे परिसरात पोलिसांनी गेल्या काही वर्षांत अनेकदा कारवाया केल्या आहेत. विचार करा. जोरात पळताना हृदय आधीच पूर्ण ताकदीने धडधडत असतं. त्यात रक्तदाब औषधाने चढवायचा? आणि तेही पोलिस होण्यासाठी, पोलिसच ज्याच्या मागे आहेत अशा माणसाकडून विकत घेऊन?

'पण अमक्याने घेतलं आणि तो भरती झाला' असं तुम्ही म्हणाल. तो झाला म्हणून त्याची गोष्ट गावभर झाली. घेऊनही जे राहिले, आजारी पडले, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत फिरत नाही.

मुलींचं ताट

हा परिच्छेद मुलींसाठी आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे मैदानावर पळणाऱ्या दहा मुलींपैकी निम्म्यांना हा त्रास असू शकतो आणि त्यांना स्वतःलाही ते माहीत नसतं. रक्तातलं हिमोग्लोबिन स्नायूंपर्यंत ऑक्सिजन पोचवतं. तेच कमी असेल तर ८०० मीटरच्या दुसऱ्या राउंडला दम लागणारच. आपण त्या मुलीला म्हणतो, 'तुझा सराव कमी पडतो.' ती बिचारी आणखी पळते, आणखी थकते.

न्हावऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. सराव सुरू करायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. मुलींमध्ये ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या चालू करा आणि ताटात पालेभाजी, कडधान्यं, अळिवाचे लाडू, बाजरी हे सगळं येऊ द्या. जेवणावर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने ते अडतं. आणि आई, काकू, आजी यांना एक विनंती. तुमची मुलगी पहाटे पळून येते आणि मग सगळ्यांच्या भाकरी थापून शेवटी उरेल ते खाते. भावाच्या वाटीत अंडं पडतं, तसंच तिच्याही वाटीत पडलं पाहिजे. गोळाफेकीत तिच्या हातातला गोळा चार किलोचाच राहणार आहे. ती शेवटी जेवली म्हणून तो हलका होणार नाही.

फॉर्म म्हणजे काय रे भाऊ?

'फॉर्म' हा शब्द जिमवाल्यांचा वाटतो, पण गोष्ट आपल्याकडची जुनी आहे. तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला लावत नाही. कंबर किती खाली, टाच कुठे, श्वास कधी सोडायचा, दंड मारताना छाती कशी न्यायची, हे तो समोर उभा राहून घोटून घेतो. चुकला की पाठीवर थाप पडते. खुराक आणि वस्तादाची नजर, या दोन गोष्टींवर तालीम उभी राहिली. आपण खुराकाच्या जागी डबा आणला आणि वस्तादाच्या जागी रील. रील तुम्हाला व्यायाम दाखवते, पण तुमची कंबर वाकडी झाली तर तिला ते दिसत नाही. अडचण तिथेच आहे.

पळताना काय बघायचं? पाऊल शरीराच्या फार पुढे टाकून टाचेवर आपटू नका. पावलं थोडी छोटी आणि जलद ठेवा, पाऊल जवळपास अंगाखाली पडू द्या. खांदे सैल, मुठी घट्ट आवळायच्या नाहीत. हात छातीसमोरून आडवे न हलवता पुढे-मागे न्या. नजर पायाकडे नको, समोर ठेवा. आणि रोज डांबरी रस्त्यावर पळू नका. नडगी दुखण्यामागे कडक रस्ता, झिजलेले बूट आणि एकदम वाढवलेलं अंतर ही नेहमीची कारणं असतात. शाळेचं मैदान, मातीची पाणंद, काढणी झालेलं मोकळं रान, जे असेल ते वापरा. उसाच्या हंगामात अंधारात ट्रॉल्यांच्या शेजारून पळण्यापेक्षा ते हजार पटीने सुरक्षितही आहे.

गोळाफेकीत तर फॉर्म म्हणजे थेट गुण. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा. ८.५० मीटरला पूर्ण १५ गुण. नुसत्या दंडाच्या जोरावर क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकायला गेलात तर अंतर तर मिळत नाहीच, वर खांदा आणि कोपर दुखावतं. गोळा मानेला टेकलेला, कोपर वर, आणि जोर येतो पायातून. पाय, मग कंबर, मग खांदा आणि शेवटी हात, या क्रमाने. गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. एवढं एक कळलं तरी काही जणांचं अंतर महिनाभरात वाढतं.

व्यायामशाळेतही तेच. पाठीची कमान करून उचललेल्या शंभर किलोपेक्षा पाठ सरळ ठेवून उचललेले चाळीस किलो जास्त कामाचे. अग्निवीरच्या चाचणीत दहा पुलअप्सना ४० गुण आहेत, पण झटके मारून अर्धवट वर गेलेला पुलअप मोजत नाहीत. घरी पंधरा 'अर्धे' मारणाऱ्याला मैदानावर सहावरच थांबावं लागतं, ते यामुळे.

बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवा. लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटर जाणं-येणं, त्यामुळे दम गावातच तयार झाला होता. पण सैन्यात गेल्यावर प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली स्टीपलचेस शिकला, तेव्हा त्या दमाला दिशा मिळाली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतलं. सुवर्णपदक हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदाने. कष्ट त्याचेच होते. पण ते कुठे आणि कसे लावायचे, हे बघणारा एक माणूस सोबत होता.

जाहिरातीची वाट बघू नका

आपली आणखी एक खोड म्हणजे जाहिरात निघाली की पळायला सुरुवात. दोन महिन्यांत दम थोडा वाढेल, पण सांधे आणि स्नायूबंध यांना त्या भाराची सवय व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणून तर नेमकं भरतीच्या तोंडावर गुडघे आणि नडग्या बोलायला लागतात. खुल्या प्रवर्गाला पोलिस भरतीसाठी वयाची मर्यादा २८ वर्षं. हातात प्रयत्न मोजकेच असतात. त्यातला एक दुखापतीत गेला तर पुढच्या जाहिरातीपर्यंत थांबण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून आजपासून, हळूहळू, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती ठेवून सुरुवात करा. आणि सात-आठ तास झोप घ्या. रात्री एकपर्यंत रील बघून पहाटे साडेचारला उठणाऱ्याला कुठलाच खुराक लागू पडत नाही.

गावाकडूनही काही हवंय. जत्रेच्या आखाड्यावर आपण हौसेने इनाम लावतो, मग मातीचा २०० मीटरचा एक ट्रॅक आखून द्यायला कितीसा खर्च येईल? भरतीची अकॅडमी निवडताना फी आणि 'किती लागले' याच्या बोर्डसोबत एवढं विचाराच: सुरुवातीला रक्ततपासणी करता का? मेसमध्ये रोज डाळ-अंडी किती देता? तीस पोरांमागे बघणारा एकच सर, की जास्त? आणि गावात भरती झालेले दादा-ताई सुट्टीला आले की त्यांच्यासोबत सेल्फी तर काढाच, पण त्यांना मैदानावर उभं करून 'माझं कुठे चुकतंय?' हेही विचारा.

'हे सगळं करायला पैसे आणि वेळ कुठून आणायचा?' हा प्रश्न खरा आहे. पण मटकी भिजत घालायला, जेवणावर लिंबू पिळायला, मित्राला मोबाईलवर आपलं पळणं शूट करायला सांगून ते स्लो मोशनमध्ये बघायला कितीसे पैसे लागतात? उद्या पहाटे पळायला जाल तेव्हा एवढंच करा. आज रात्री कडधान्य भिजत घाला, आणि सकाळी एक राउंड कमी मारा, पण जो माराल तो घड्याळ लावून, फॉर्म सांभाळून मारा.